तारवालीची तपासणी

तिला अख्खं हॉस्पिटल तारवाली म्हणायचं, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. खरंच होतं ते. चौदा वर्षं ती लोकांच्या डोक्याला तारा लावत होती. आधी फीत घेऊन डोकं मोजायचं, नाकाच्या मुळापासून मानेच्या वरच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. खुणेवरचे केस बाजूला सारून खरखरीत मलमाने कातडी घासायची, तिथे चिकट लेप लावायचा आणि त्यावर शर्टाच्या बटणाएवढी चकती बसवायची. अशा एकवीस चकत्या, एकवीस तारा. तारा यंत्रात, आणि यंत्राच्या पडद्यावर एकाखाली एक सरकत जाणाऱ्या रेघा. याला ईईजी म्हणतात. आडवी पडता पडता माणसं हमखास विचारायची, "ताई, माझ्या मनात काय चाललंय ते दिसतं का हो यात?"

"तेवढं दिसलं असतं तर मी इथे नोकरी कशाला केली असती?" ती म्हणायची. "गप पडा आणि डोळे मिटा."

चौदा वर्षांत हे उत्तर तिने हजारो जणांना दिलं असेल. आणि तीच बाई एक दिवस स्वतःच्या नवऱ्याच्या डोक्याला तारा लावून त्याच्या मनात काय आहे ते बघायला निघाली. आता बोला!

कारण होती फ्रेमवाली.

पण फ्रेमवालीकडे येण्याआधी नवऱ्याचं सांगायला हवं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेची कपाटं, मागे पडद्याआड डोळे तपासायची खोली. म्हणजे हा माणूस दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचा. लग्नाआधी तिला हे फार गोड वाटलं होतं. तिचा चष्मा त्यानेच केला होता, आणि 'हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का' असं विचारता विचारता गाडी कुठल्या कुठे गेली होती. थोडक्यात, त्या अंधाऱ्या खोलीत काय काय होऊ शकतं हे तिला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होतं. तिथेच तर सगळी गोम होती.

जळकी होती ती. उगाच दुसरा शब्द कशाला शोधायचा? लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत तिने बऱ्याच जणींवर जळून घेतलं होतं. दुकानाच्या वर राहणारी वाचनालयातली बाई, दर सहा महिन्यांनी नंबर बदलून घेणारी एक नृत्यशिक्षिका, आणि एकदा तर सत्तरीच्या एक आजीबाई, कारण त्यांनी नवऱ्याच्या गालाला हात लावून 'गुणी आहेस रे' म्हटलं होतं. नवरा प्रत्येक वेळी हसायचा. तो हसला की हिच्या अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा.

फ्रेमवाली मात्र वेगळी होती. ती एका कंपनीच्या चष्म्यांच्या फ्रेमा दुकानादुकानांत दाखवत फिरायची. पहिल्यांदा महिन्यातून एकदा यायची, मग पंधरवड्याने, मग दर गुरुवारी. काखेत चपटी काळी पेटी, केस मानेपर्यंत कापलेले, आणि हसणं असं की रस्त्यापलीकडच्या माणसाने मान वळवून बघावं. नवरा घरी येऊन जेवता जेवता सांगायचा, "आज फ्रेमवाल्या बाईंनी काय हसवलं म्हणून सांगू!"

"सांगा ना," ती म्हणायची.

मग तो सांगायचा, आणि तिला त्यात हसण्यासारखं एक अक्षर सापडायचं नाही. ती ताटाकडे बघत बसायची. आपण याला शेवटचं कधी असं हसवलं? आठवायला जावं तर आठवायचं नाही.

अशात एक दिवस नवऱ्याने सांगितलं, फ्रेमवाली भागीदारी करू या म्हणते. चौकात कोपऱ्यावरची मोठी जागा, दोन्ही बाजूंनी उजेड. एका अंगाला तिच्या फ्रेमा, दुसऱ्या अंगाला याची तपासणी. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा," ती म्हणाली.

ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी हे वाक्य वापरलंय तिला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नवऱ्याने तिचा चेहरा बघितला, 'बरं' म्हणाला आणि विषय संपला. त्याने पुन्हा तो काढला नाही, आणि तिने तर नाहीच नाही. पण न काढलेला विषय तिच्या डोक्यात किड्यासारखा वळवळत राहिला. गप्प का आहे हा? ठरलं की काय यांचं? म्हणजे आता गुरुवारच नाही, सोमवार ते शनिवार ते हसणं. एका छपराखाली. पडदा एक, खोली एक!

नेमकं त्याच वेळी हॉस्पिटलात तिच्या खात्यात नवं ईईजी यंत्र आलं.

खात्याचा जुना रिवाज होता. नवं यंत्र आलं की ते एकदम रुग्णाला लावायचं नाही. आधी तीन धडधाकट डोकी घ्यायची, ती शक्यतो घरची, आणि त्यांचा आलेख नीट निघाला की मग यंत्र कामाला. घरचीच का, तर बाहेरचं माणूस तासभर फुकट पडून राहत नाही म्हणून. खात्याच्या प्रमुख होत्या थोरल्या बाई. वय अठ्ठावन्न, जीभ तिखट, आणि तारवालीला त्यांनीच हाताला धरून काम शिकवलेलं. त्यांच्या यजमानांनी आजवर तीन यंत्रांना डोकं दिलं होतं. "टक्कल आहे, लेप छान बसतो," बाई सांगायच्या. "संसारात तेवढाच उपयोग झाला त्या टकलाचा."

या खेपेला बाई म्हणाल्या, "माझं म्हातारं सकाळी येऊन जाईल. दुपारी तू जावईबापूंना घेऊन ये. कित्येक वर्षं ऐकतेय, एकदा डोकं तरी बघू दे." तारवालीला त्या लेकीसारखं मानत, म्हणून तिचा नवरा त्यांचा जावई.

तारवालीच्या डोक्यात त्याच क्षणी कल्पना आली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे ही बाई काय करायला निघाली ते कळेल. जागा माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला की डोक्याच्या मागच्या बाजूला एक संथ लाट सुरू होते, सेकंदाला नऊ-दहा हेलकावे. डॉक्टर तिला अल्फा म्हणतात, थोरल्या बाई निवांत लाट म्हणायच्या. डोळे उघडले की ती मोडते. आणि डोळे मिटलेलेच असले, पण कानावर असं काही पडलं की मेंदूने दचकून 'काय रे ते?' म्हणावं, तरी ती मोडते आणि रेघ सपाट होते. माणसाला आवरता येत नाही ते. तोंडाने खोटं बोलता येतं, चेहऱ्याने बोलता येतं, पण ही लाट कुणाचं ऐकत नाही.

तारवालीने ठरवलं, याला दोन आवाज ऐकवायचे. एक माझा, एक तिचा. कुणाच्या आवाजाला लाट मोडते ते बघायचं. तिच्या आवाजाला मोडली आणि माझ्या आवाजाला नाही, तर मग विचारायचं काही उरत नाही. बॅग भरायची आणि सरळ भावाच्या घरी जायचं. भावाला तिने फोनही करून ठेवला, मागची खोली रिकामी आहे ना म्हणून. तो घाबरून विचारत राहिला काय झालं, तर म्हणाली, "अजून झालं नाही. शनिवारी कळेल."

फ्रेमवालीचा आवाज मिळवायला ती गुरुवारी दुकानात गेली. फोनवर बोलतेय असं दाखवून कपाटाशी उभी राहिली आणि आवाज टिपायचं बटण दाबून ठेवलं. फ्रेमवाली काउंटरवर पेटी उघडून फ्रेमा मांडत होती की आवरत होती कोण जाणे, हिचं लक्ष तिथे नव्हतंच. "डॉक्टर, तुम्ही म्हणजे अगदी हे आहात!" असं म्हणून ती हसली. ते हसणं आलं फोनमध्ये, अगदी स्वच्छ. डॉक्टर म्हणे! चष्मे विकणाऱ्याला डॉक्टर! आणि 'हे' म्हणजे काय? हे म्हणजे नक्की काय?

स्वतःचा आवाज तिने हॉस्पिटलच्या सामानाच्या खोलीत टिपला, चादरींच्या गठ्ठ्यांमागे उभं राहून. "अहो, ऐकलं का?" एवढंच म्हणायचं होतं. पहिल्यांदा ते भांडायला उठल्यासारखं आलं. दुसऱ्यांदा सर्दी झाल्यासारखं. तिसऱ्यांदा इतकं गोड झालं की तिलाच लाज वाटली. सातव्या खेपेला जमलं. अकरा वर्षं ज्याला हाक मारली त्याला हाक मारायची तालीम करावी लागते, हे बघून तिला रडू आलं. चादरीला डोळे पुसून ती बाहेर आली.

शनिवारी दुपारी खातं बंद झालं. थोरल्या बाई खाली नोंदवहीचं काम उरकायला गेल्या आणि नवरा आला, डबा हातात, चेहऱ्यावर कौतुक. तिच्या कामाची खोली तो पहिल्यांदाच बघत होता. ती त्याचं डोकं मोजायला लागली.

"मोठं आहे हो डोकं तुमचं."

"रिकामं असेल. वाजवून बघ."

तिने कातडी घासायला घेतली आणि जरा जास्तच जोर लावला.

"आई गं! रुग्णांची पण अशीच सालं काढतेस?"

"लेप बसायला लागतो," ती म्हणाली. कानामागे तीन-चार केस पांढरे झाले होते. हे कधी झाले? घरी कधी दिसलेच नाहीत. आपण त्याच्या खिशात, फोनमध्ये, शर्टाच्या कॉलरवर सगळीकडे बघितलं, कानामागे तेवढं बघायचं राहिलं. तिचा हात जरासा हलका झाला. मग फ्रेमवालीला हे केस दिसले असतील का, असा विचार आला आणि हात पुन्हा जड झाला.

"हे बघा, आता डोळे मिटायचे. मधे आवाज होतील. बोलायचं नाही, हलायचं नाही."

"जशी आज्ञा," तो म्हणाला, आणि मिटले डोळे. काही विचारलं नाही, काही कुरकूर नाही.

पडद्यावर लाट आली. चौदा वर्षांत तिने हजारो लाटा बघितल्या होत्या, पण इतकी सुरेख क्वचित. एकसारखी, भरलेली, कुठे खाच नाही. ती काही क्षण नुसती बघत राहिली. मग तिने फोनवरचा आपला आवाज लावला.

"अहो, ऐकलं का?"

काही नाही. लाट जशी होती तशी. तिने पुन्हा लावला. पुन्हा काही नाही. उलट लाट किंचित भरलीच. 'ऐकलं का' विचारतेय आणि हा माणूस खरंच ऐकत नाहीये! तिने दुसरं बटण दाबलं.

"डॉक्टर, तुम्ही म्हणजे अगदी हे आहात!" आणि ते हसणं.

लाट मोडली. रेघ सपाट झाली, पुरते दोन सेकंद. नवऱ्याचे ओठ काहीतरी विचारायला हलले.

"बोलू नका!" ती जवळजवळ ओरडलीच.

तिने हसणं पुन्हा लावलं. पुन्हा मोडली. या वेळी कमी मोडली होती, तिसऱ्यांदा तर जेमतेम, पण ते बघायला ती होतीच कुठे? पहिल्या सपाट रेघेवरच तिची नजर खिळली होती. तेवढ्यात दार उघडून थोरल्या बाई आत आल्या, नोंदवही टेबलावर आपटली आणि एकदा पडद्याकडे, एकदा फोनकडे बघितलं.

तपासणी संपली. तिने चकत्या काढल्या, लेप पुसला, आणि नवरा शेजारच्या खोलीत केस धुवायला गेला. नळ वाहायला लागला तशा बाई वळल्या.

"तो फोन इकडे दे."

तिने दिला. बाईंनी ऐकलं, आलेख मागे नेऊन बघितला, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"कोण ही हसणारी?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, भागीदारीपासून भावाच्या मागच्या खोलीपर्यंत. सांगता सांगता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"माणसाला न विचारता त्याच्या डोक्यात शिरायचं हे मी तुला शिकवलं होतं का?" बाई म्हणाल्या. "ते राहू दे, त्याचं नंतर बघते. आधी मला सांग, तिसरा आवाज कुठला लावलास?"

"तिसरा?"

"कुठलाही. रस्त्यावरच्या माणसाचा. भांडं पडल्याचा. कशाशी ताडून बघितलंस?"

कशाशीच ताडून बघितलं नव्हतं. चौदा वर्षांच्या नोकरीत असली चूक तिने एकदाही केली नव्हती. नवी आलेली मुलगी जरी अशी चुकली असती तरी तिला हिनेच फाडून खाल्लं असतं.

"हे बघ," बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे मी दार उघडलं. मोडली की नाही? इथे मी वही आपटली. किती मोडली बघ, तुझ्या त्या हसणारीपेक्षा जास्त. मग काय, जावईबापूंचा जीव वहीवर पण जडलाय? की माझ्यावर? माझं म्हातारं ऐकेल तर नाचेल."

तिला रडता रडता हसू फुटलं.

"मेंदू म्हणजे दारावरचा पहारेकरी गं. अनोळखी कुणी आलं की उठून बघतो. घरचं माणूस आत गेलं तर बसल्या जागी बसून राहतो. तुझ्या आवाजाला हा उठलासुद्धा नाही. चार आवाज ऐकले याने, एकट्या तुझ्यापाशी स्वस्थ राहिला."

"म्हणजे मी पंखा," ती नाक ओढत म्हणाली. "चालू आहे ते कळतसुद्धा नाही."

"उठला असता तर म्हणाली असतीस, मला घाबरतात. तुझं काय करायचं, सांग बरं?" बाई उठल्या. "चल, झोप इथे. दोन डोकी झाली, तिसरं तुझं घेते. मला घरी जायचंय."

ती आडवी झाली. बाईंचा हात झपाझप चालायचा. डोकं मोजून, घासून, चकत्या लावून वीस मिनिटांत त्या पडद्यासमोर बसल्याही. तिने डोळे मिटले. मनावरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. नाही गं बाई, काही नाही तसलं. आपणच वेड्या. भावाला फोन करून सांगायचं, चादरी घालून ठेवल्या असतील तर काढून टाक.

बाई खोकल्या. त्यांच्या किल्ल्या खाली पडल्या. मग शेजारचं दार वाजलं, चिकट लेप एकदाचा धुऊन निघाला असावा, आणि नवऱ्याचा आवाज आला.

"अरे, आता हिची पाळी का?"

"जबडा सैल सोड," बाई म्हणाल्या.

तिला वाटलं, सैलच आहे.

"फार वेळ लागेल का अजून?" नवऱ्याने विचारलं.

"अगं, जबडा."

तिने तोंड जरासं उघडून मिटलं. रुग्णांना ती हेच सांगायची, दिवसातून दहादा.

"मी बाहेर बाकावर बसतो मग," नवरा म्हणाला आणि गेला.

"जबडा सोड म्हणते ना," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, पण या वेळी हळू.

तारा निघाल्यावर ती सवयीने पडद्याशी गेली आणि आलेख मागे नेला. बाईंनी तिला थांबवलं नाही, त्या वहीत काहीतरी लिहीत बसल्या. बाई खोकल्या तिथे लाट मोडली आणि लगेच सांधली गेली. किल्ल्या पडल्या तिथे मोडली, सांधली. मग नवऱ्याचं पहिलं वाक्य. तिथे लाट मोडली, आणि कानांवरच्या चकत्यांच्या चारही रेघा दाट वळवळीने काळ्याकुट्ट झाल्या. त्याचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कानशिलावरचे स्नायू, दात आवळलेले. दुसऱ्या वाक्याला तेच. तिसऱ्याला तेच. आणि मधल्या वेळात लाट सांधलीच नव्हती. तो खोलीत होता तितका वेळ नाही, आणि गेल्यावरही बराच वेळ नाही.

अनोळखी माणसासाठी तिचा पहारेकरी उठून परत बसत होता. नवऱ्यासाठी मात्र तो काठी घेऊन उभाच होता. किती वर्षं? एका घरात, एका ताटलीतला खाऊ वाटून घेत, एका पांघरुणात. ज्याच्याजवळ ती निवांत असायला हवी होती, तिथेच ती एक क्षण निवांत नव्हती, आणि तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. आपल्या मनात काय आहे हे दिसतं का, असं विचारणाऱ्या सगळ्यांना तिने हसून वाटेला लावलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि स्वतःची दयाही आली.

"यंत्र उत्तम चालतंय," थोरल्या बाई वही मिटत म्हणाल्या. "जा आता. ते बाहेर थांबलेत."

लांबच्या लांब बोळ होता, दुपारच्या उजेडाने भरलेला. दोघं चालायला लागली. त्याचे केस अजून ओले होते.

"मधे त्या फ्रेमवाल्या बाई हसल्या ना?" त्याने विचारलं. "आणि त्याआधी तू हाक मारलीस. हे काय होतं?"

आता खोटं बोलायची तिची छाती नव्हती. तिने सांगितलं. फोन, चादरींचा गठ्ठा, बॅग, भाऊ. तो ऐकत चालत राहिला.

"मग काय निघालं?" तो म्हणाला.

"तुमचं काही निघालं नाही. माझंच निघालं."

"मला विचारायचंस."

"तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"नव्हतंच काही, म्हणून नाही म्हणालो असतो." त्याने ओले केस मागे सारले. "त्यांना नकार कळवून दहा दिवस झाले. तू 'योग्य वाटेल ते करा' म्हणालीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला काय समजत नाही का तुझं? जागा चांगली होती, उजेड होता. पण तुझा जीव रोज खालीवर झाला असता. म्हटलं, नको."

तिच्या मनात एकदम काय काय दाटून आलं! याने आपल्यासाठी कोपऱ्यावरची जागा सोडली, आणि सोडली म्हणून सांगितलंही नाही. त्याचा हात धरावा. माफी मागावी. कानामागचे केस पांढरे झालेत हे सांगावं, आपल्याला ते आवडले हे सांगावं. ती बोलायला वळली, आणि वळता वळता तिचे दात एकमेकांवर बसलेले तिला कळले. आयुष्यात पहिल्यांदा कळले. कळले, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

"दहा दिवस? मग परवा गुरुवारी ती दुकानात कशाला आली होती?"

तो उभा राहिला.

"उरलेल्या फ्रेमा परत न्यायला," तो म्हणाला. "आणि हसत होत्या, मला वाईट वाटू नये म्हणून."

खिडकीतून ऊन सरळ त्याच्या चेहऱ्यावर येत होतं. कानाच्या वर, जिथे तासाभरापूर्वी तिने लेप पुसला होता, तिथे ओल्या केसांखाली काहीतरी हललं. स्नायू वर आला आणि वरच राहिला. ते बघायला तिला कुठलंही यंत्र लागलं नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली.

तो स्नायू आणखी आवळला.

मग तो चालायला लागला, जिन्याच्या दिशेने, आणि ती त्याच्या दोन पावलं मागून.